थोडंसंच सोडलं

सोमवार, ४

आज कळलं की ऑपरेशन थिएटरमध्ये मला नवं नाव पडलंय. चहा घ्यायला पँट्रीकडे गेले, तर आतून आवाज आला, "कंजूष मॅडमची केस आहे का? मग बाटल्या कमीच काढा." मी आत शिरल्याबरोबर सगळे आपापल्या कपात बघायला लागले. हसू आलं आणि रागही आला. घरी येईपर्यंत राग उरला, हसू गेलं.

भूल देणं माझं काम, आणि कंजुषी कसली, तर सलाईनची. आतड्याच्या ऑपरेशनला आमच्याकडची रीत अशी की आदल्या संध्याकाळपासून पेशंटला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, आणि टेबलावर घेतलं की बाटलीवर बाटली सोडायची. बीपी उतरलं, सोडा. लघवी कमी झाली, सोडा. सर्जन घाबरले, सोडा. दुसऱ्या दिवशी पेशंट सुजलेला, पोट टम्म, आणि आतडं काही केल्या जागं होत नाही. मी म्हणते, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी पिऊ द्या आणि टेबलावर लागेल तेवढंच द्या. भुलीमुळे बीपी उतरलं तर त्याला औषध आहे, दर वेळी पाणी कशाला? जादा पाणी शेवटी जाणार कुठे? आतड्याच्या भिंतीत आणि फुप्फुसात.

हे सगळं मीटिंगमध्ये मी घडाघडा बोलते. सर्जननी मान्य केलं, चार-सहा महिने करून बघू म्हणाले. पण प्रत्येक केसला भीती वाटतेच. कमी दिलं आणि किडनीनं मान टाकली, तर जबाबदार कोण? कंजूष मॅडम.

बुधवार, ६

मोठ्या सिस्टरनी आज मला गाठलंच. त्या थिएटरच्या इन-चार्ज. इथल्या प्रत्येक नर्सला आणि निम्म्या डॉक्टरांना त्यांनी हाताला धरून शिकवलंय. मी नवीन आले तेव्हा माझी सुई चुकायची, त्या शेजारी उभ्या राहून नुसत्या खाकरायच्या आणि सुई बरोबर जायची. त्यांचं पालुपद ठरलेलं: "हात आखडू नका." मलम असो, कापूस असो की सलाईन. माझी नवी पद्धत त्यांच्या आयुष्यभराच्या पालुपदाच्या विरुद्ध, तेव्हा त्या चिडणार हे मी धरूनच चालले होते.

"तुमचे पेशंट लवकर उठून बसतात म्हणे," त्या म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"परवाचा तो दाढीवाला. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. मी विचारलं, वारा सरला का? तर म्हणतो, कालच. लाजला बिचारा."

म्हणजे माझ्या पेशंटांमागे हेरगिरी चाललीय. काहीतरी चूक सापडावी म्हणून वॉर्डात चकरा मारतायत. मी फटकून म्हटलं, "सापडलं काही की सांगा." त्या पोटावर हात ठेवून खुर्चीत बसल्या. मी चहा पुढे केला. नको म्हणाल्या. सिस्टरनी चहाला नको म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. फारच मनाला लावून घेतलंय त्यांनी.

मंगळवार, १२

त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ आहे.

स्वतः येऊन त्यांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला, जसा रोज उद्याच्या केसचा कागद ठेवतात तसा. म्हणाल्या, "कापावं लागणार. पुढच्या सोमवारी. सर आहेतच. भूल तुम्ही द्यायची."

मी म्हटलं, "सिस्टर, माझ्यापेक्षा मोठे भूलतज्ज्ञ आहेत की. त्यांना सांगते."

"ते रजेवर आहेत."

"शुक्रवारी येतायत."

"मग असू देत," त्या म्हणाल्या. "मला तुमचीच कंजुषी पाहिजे." आणि गेल्या.

बहुतेक कुणाचे उपकार नको असतील त्यांना. मोठ्यांना शब्द टाकायचा म्हणजे मिंधेपणा. माझ्यावर हक्क चालतो. असंच असणार. पण माझी झोप उडाली. इतके दिवस अनोळखी माणसांवर मी धीट होते, आणि आता ह्यांच्यावर.

गुरुवार, १४

जेवताना नवऱ्याशी भांडण. तो म्हणाला, "घाबरलीस ना, की तू माझ्या ताटात वाढत सुटतेस."

"भूक लागली असेल म्हणून वाढलं."

"मी दोनदा पुरे म्हटलं. तुला ऐकूच येत नाही. भाजी ताटाबाहेर चाललीय बघ."

काही माणसांना कौतुकाने वाढलेलं कळत नाही. मी पातेलं तसंच ठेवून उठले. मला सिस्टरच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. फार बारीक आहेत.

रविवार, १७

सिस्टर वॉर्डात दाखल झाल्या. सोबत त्यांचा भाऊ. दोघंही एकटी, एकाच घरात राहतात. तो शिवणकाम करतो, बोटांना टोचल्याच्या खुणा. मी सगळं समजावलं: सकाळी उठून पाणी प्यायचं, ऑपरेशननंतर लवकर उठवून बसवणार, रोज वजन करणार.

"वजन कशाला?" त्यानं विचारलं.

"शरीरात पाणी किती साठलं ते वजनावरून कळतं. कागद चुकेल, काटा नाही चुकत."

टोपीशी चाळा करत तो म्हणाला, "टाका धरेल ना मॅडम? आतला?"

मी म्हटलं, "धरेल." असं कधी म्हणायचं नसतं, हे मला सिस्टरनीच शिकवलंय. त्या पलंगावरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला टोकलं नाही, त्यानं मी जास्तच घाबरले.

सोमवार, १८

झालं. सर्जननी गाठ पूर्ण काढली, आतडं व्यवस्थित जोडलं. हात अजून गार आहेत, पण लिहून ठेवते.

थिएटर आज थिएटरसारखं नव्हतंच. सगळे कुजबुजत बोलत होते. कुणी त्यांच्या पायावर गरम चादर घालत होतं, कुणी ती नीट करत होतं, तिसरं येऊन पुन्हा तीच चादर नीट करत होतं. आमची धाकटी, म्हणजे सगळ्यांत नवी नर्स, मास्कच्या आत रडत होती. सिस्टरनी टेबलावर पडल्या पडल्या तिला झापलं, "नाक पुस आणि हात धू." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, आज मात्र हात आखडा बरं का." सगळे हसले. मी भूल दिली.

मधे बीपी उतरलं. मी औषध दिलं, चढलं, पुन्हा उतरलं. सर्जन मान वर न करता म्हणाले, "सिस्टरना कोरडं नका हो ठेवू." त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. लघवीच्या पिशवीत जेमतेम तळ झाकेल एवढं. मला माहीत आहे की ऑपरेशनच्या वेळी लघवी कमी होतेच, तेवढ्यावरून काही ठरवायचं नसतं. तरी मी सलाईनचं चाक जरासं सैल केलं. अगदी थोडंसं. तेवढ्यात सर्जननी रक्त ओढायचं सक्शन मागितलं, एक रक्तवाहिनी सुटली होती, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दोन-चार मिनिटं सगळे त्यातच होते. मग रक्त थांबलं, बीपीही सावरलं, आणि माझ्या जिवात जीव आला.

धाकटी सारखी सलाईनच्या स्टँडपाशी घुटमळत होती. मी म्हटलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही मॅडम, नुसती बघतेय." चांगली पोर आहे. दुसरी बाटलीसुद्धा तिनंच न सांगता लावली. पहिली कधी संपली ते मला कळलंही नाही, एवढं माझं लक्ष बीपीवर होतं.

सिस्टर जाग्या झाल्या. रिकव्हरीच्या खोलीत माझं बोट घट्ट धरलं. पाणी एकूण बेताचंच गेलंय. मी समाधानी आहे. घरी येऊन पोटभर जेवले.

मंगळवार, १९

वजन चार किलोनं वाढलंय.

आतड्याचा चांगला वीतभर तुकडा काढून टाकलाय, वजन उतरायला हवं. मी काट्यावर शंका घेतली. पलंगासकट तोलणारा काटा, त्याला काय, बिघडू शकतो. दुसरा, साधा काटा आणून शेजारच्या पेशंटला दोन्हीकडे तोललं, मग स्वतः उभी राहिले. दोन्ही काटे बरोबर आहेत. माझ्या बाबतीत तर नको इतके बरोबर.

सिस्टरना धाप लागतेय. ऑक्सिजन लावला. छाती ऐकली, खालच्या बाजूला बुडबुडे. पोट फुगायला लागलंय. कागदावर बघावं तर सगळं आलबेल, मी सांगितलं होतं त्यापेक्षा थेंबभर जास्त नाही. मग हे चार किलो आले कुठून?

मी रिकव्हरीत जाऊन सगळ्यांवर तोंड सोडलं. कुणी जादा दिलं? धाकटी जमिनीकडे बघत उभी. मी म्हटलं, "एका माणसाच्या निष्काळजीपणानं बाई जाईल!" असं बोलायला नको होतं. भाऊ दाराशी उभा होता.

बुधवार, २०

सकाळी हिरवी उलटी झाली. नाकातून नळी घातली. ऑक्सिजन वाढवावा लागला, आयसीयूत हलवलं. त्यांच्या बोटातली अंगठी काल साबणानं काढावी लागली, भावानं ती रुमालात बांधून खिशात ठेवलीय आणि दर थोड्या वेळानं खिसा चाचपतो.

सर्जन पार हादरलेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जोड सुटला तर पुन्हा उघडावं लागेल, आणि ह्या छातीवर त्यांना दुसरी भूल झेपायची नाही. लघवीही कमीच आहे. एखादी बाटली सोडून बघू या?"

बघा! पाण्यानं बुडणाऱ्या माणसाला अजून पाणी. पण मी त्यांना हसू शकले नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. मी म्हटलं, सलाईन पूर्ण बंद, लघवी वाढवणारं इंजेक्शन सांभाळून, आणि त्यांना बसतं ठेवू. म्हटलं खरं, पण माझं चुकलं तर किडनी जाईल. तसं झालं तर ह्या इस्पितळात मी कुणाला तोंड दाखवणार, आणि त्या भावाला काय सांगणार?

दुपारी सिस्टरनी स्वतःच पाय वर घ्यायला सांगितलं. घोट्यावर अंगठा दाबून धरला, उचलला. खड्डा तसाच राहिला. पुसायचं राहिलेल्या टेबलाकडे बघावं तसं त्यांनी त्या खड्ड्याकडे पाहिलं.

"सगळ्यांना बोलवा," म्हणाल्या.

सर्जन आले, धाकटी आली, रिकव्हरीची नर्स आली. मी होतेच. पलंगाच्या पायथ्याशी आम्ही रांगेत, शाळेत उभं करतात तसे. नाकात नळी, दर तीन शब्दांनी धाप, आणि तरी आवाजात इन-चार्ज शाबूत.

"कुणी कुणी सोडलं?"

धाकटीचा बांध फुटला. "मी चाक सैल केलं, सिस्टर. पिशवी रिकामी दिसली म्हणून. थोडंसंच सोडलं. आणि संपल्यावर दुसरी लावली. मॅडम ओरडतील म्हणून बोलले नाही."

रिकव्हरीची नर्स म्हणाली, "तुमचे ओठ सुकले होते. मी एक बाटली सोडली. नंतर सरांचा फोन आला, एक सोडा म्हणून, मग तीही सोडली. त्यांना कसं सांगू की आधीच एक गेलीय?"

सर्जन म्हणाले, "मी फोन केला होता." आणि चष्मा पुसायला लागले.

"कागदावर का नाही?" सिस्टरनी विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. कंजूष मॅडमचा कागद, त्यावर जादा कोण लिहिणार?

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"मी मोजूनच दिलं," मी म्हटलं. "एकदा चाक जरा सैल केलं होतं, बीपी उतरलं तेव्हा."

"बंद कधी केलंत?"

"लगेच."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, थकल्या.

गुरुवार, २१

काल जेवताना नवऱ्याच्या ताटात डाव रिकामा केला. तो "पुरे" म्हणाला. मी ऐकलं, खरंच ऐकलं, आणि हात तरी पातेल्याकडे गेला. तिथेच थांबला. मला सोमवार आठवला. चाक सैल केलं ते आठवतं. सक्शन आठवतं, रक्त आठवतं, माना वळल्या ते आठवतं. चाक बंद केल्याचं आठवत नाही. कितीही आठवलं तरी तिथे माझा हातच नाही. धाकटीनं सैल केलं ते आधीच सैल असलेलं चाक होतं. पहिली बाटली कधी संपली ते मला कळलं नाही असं मी मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. त्यात कौतुक करण्यासारखं काय होतं?

मंगळवारी मी सगळ्यांसमोर ओरडले होते, एका माणसाचा निष्काळजीपणा म्हणून. तो एक माणूस कोण असावा याचा मला संशयही आला नव्हता. लाज वाटते. लाजेपेक्षा भीती जास्त वाटते.

सकाळी आयसीयूत सगळ्यांच्या आधी गेले. भाऊ ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसत होता. त्याच्यासमोरच सांगितलं, "सिस्टर, मी बंद केलं नव्हतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"काल 'लगेच' म्हणालात ना, ते फार लगेच म्हणालात."

मला रडू आवरेना. भावानं तोच कापूस पुढे केला, मग लक्षात येऊन रुमाल दिला. त्यात अंगठी होती, ती खाली पडली, आम्ही दोघं पलंगाखाली शिरून शोधायला लागलो. वरून सिस्टरचा आवाज, धापेसकट: "तुमचा कुणाचाच दोष नाही असं मी म्हणणार नाही. माझ्यापासून सुरुवात आहे. सोडायला मी शिकवलं तुम्हा सगळ्यांना. बंद करायला शिकवायचं राहिलं."

अंगठी सापडल्यावर त्या पुढे म्हणाल्या, "यापुढे चाकाला जो हात लावेल, त्यानं तोंडानं बोलायचं. सर्वांना ऐकू जाईल असं. सोडताना बोलायचं, बंद करताना बोलायचं. आणि दुसऱ्या कुणीतरी 'ऐकलं' म्हणायचं. मग तो सर्जन असो नाहीतर झाडणारा. आणि कागदावर खरं लिहिणाऱ्याला तुम्ही ओरडायचं नाही, मॅडम."

मी हो म्हटलं. त्या बऱ्या होऊन हे बघायला असतील का, एवढंच मनात येत होतं.

आता मला वाटतं, चकरा मारून त्या माझी चूक शोधत नव्हत्या. चूक शोधणारी बाई आपलं पोट माझ्या हातात कशाला देईल? पण हे आता कळून काय उपयोग.

शुक्रवार, २२

लघवी सुटली. दीड किलो उतरलं. ऑक्सिजन थोडा कमी केला. किडनीचा रिपोर्ट जरा चढलेला, पण हाताबाहेर नाही.

ताप नाही. वारा नाही.

शनिवार, २३

अजून एक किलो. छाती मोकळी होतेय, वॉर्डात परत आणलं. दोन पावलं चालल्या, धाकटीच्या खांद्यावर भार टाकून, तिला चालायचं कसं ते शिकवत.

पोट अजून घट्ट. संध्याकाळी कपाळ गरम लागलं. माझा हात गार होता म्हणून तसं वाटलं असेल. मोजलं, ताप नव्हता. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला गेले तर म्हणाल्या, "मॅडम, घरी जा."

वारा नाही. सर्जन दर तासाला फोन करून एकच प्रश्न विचारतात. एवढा शिकलेला माणूस, आणि अख्ख्या जगात त्याला दुसऱ्या कशाचं देणंघेणं उरलेलं नाही.

रविवार, २४

सकाळी व्हरांड्यातून येत होते तर समोरून भाऊ धावत आला. टोपी हातात, पायात एकच चप्पल. मला बघून बोलायचा प्रयत्न केला, जमेना. बाईमाणसासमोर कसं म्हणावं या संकोचात तो नुसता हात हवेत हलवत राहिला.

"सरला?" मी विचारलं.

"सरला!" तो ओरडला, आणि अख्खा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला.

आत सर्जन आधीच पोचले होते. पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकत होते आणि लहान मुलासारखे हसत होते. धाकटी सगळ्या पलंगांना बातमी देत फिरत होती. सिस्टर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "एवढा गाजावाजा माझ्या निवृत्तीला तरी करा." पोट मऊ लागलं. जोड धरला होता.

मी चादरींच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले. मग बाहेर येऊन त्यांना पाण्याचा पेला दिला, अर्धा. दोन घोट घेऊन त्यांनी पेला परत केला आणि म्हणाल्या, "पुरे." मी पेला खाली ठेवला.

सोमवार, २९

सव्वा महिन्यानं वही उघडली. मधल्या काळात लिहिण्यासारखं घडलं नाही, म्हणजे सगळं ठीक चाललं.

आज आतड्याची मोठी केस होती. एक शिक्षक, त्यांची बायको बाहेर बाकावर. थिएटरमध्ये आता बोलायची सवय लागलीय. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना हसू यायचं, सर्जन तर नाटकातल्यासारखे हात वर करून बोलायचे. आता कुणी हसत नाही. आणि खरं सांगायचं तर तोंडानं बोलायचं म्हटल्यावर निम्म्या वेळा हात चाकापर्यंत जाऊन आपणच मागे येतो. माझासुद्धा.

मधे बीपी उतरलं. औषध दिलं. पुरलं नाही. यंत्रावर बघितलं, खरंच पाणी कमी पडत होतं. नेहमीची भीती वाटली. ती काही जाणार नाही, आता मी ती जायची वाटही बघत नाही.

"मी सोडतेय," मी म्हटलं.

"ऐकलं," धाकटी म्हणाली.

थोड्या वेळानं आकडा सावरला. नेमकं तेव्हाच सर्जननी काहीतरी मागितलं, तिकडे गडबड झाली, धाकटी धावली, सगळ्यांच्या माना वळल्या. माझीही वळत होती. मी हात चाकावर ठेवला, शेवटपर्यंत फिरवला, आणि जरा मोठ्यानं म्हटलं, "मी बंद केलं."

कुणाचं लक्ष नव्हतं. मी पुन्हा म्हणणार, तेवढ्यात मागून दाराकडून कुणीतरी खाकरलं. मी वळले. थिएटरचा हिरवा पोशाख अंगावर सैल झालेला, टोपी मात्र नेहमीसारखी घट्ट, एक हात चौकटीला धरून सिस्टर उभ्या होत्या.

"ऐकलं," त्या म्हणाल्या.